मॅरिकोपाचे पाच कारभारी

क्लिंट हिकमन यांचा घरचा धंदा अंड्यांचा. ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहराच्या पश्चिमेला त्यांच्या कुटुंबाच्या मोठमोठ्या कोंबडीशाळा आहेत. अशा माणसाला व्हाइट हाउसमधून फोन येण्याचे प्रसंग थोडेच. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री तसा फोन आला आणि हिकमन यांनी तो उचललाच नाही. ऑपरेटरने निरोप ठेवला की राष्ट्राध्यक्षांना बोलायचे आहे. तीन दिवसांनी, ३ जानेवारीला, पुन्हा फोन वाजला. तोही त्यांनी वाजू दिला. जॉर्जिया राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्याशी ट्रम्प काय बोलले याचे ध्वनिमुद्रण त्याच दिवशी जगजाहीर झाले होते. आपण बोललो तर तेही कुठेतरी ध्वनिमुद्रित होणार, हे हिकमन यांनी ओळखले होते. पक्ष दोघांचाही एकच, रिपब्लिकन. आणि हिकमन यांनी २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतही ट्रम्प यांनाच दिले होते.

हिकमन तेव्हा मॅरिकोपा काउंटीच्या ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’चे अध्यक्ष होते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. क्षेत्रफळात ही काउंटी महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षाही बरीच मोठी आहे. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४४ लाखांवर भरली. अमेरिकेतल्या तीन हजारांहून जास्त काउंट्यांत तिचा चौथा क्रमांक लागतो. एवढ्या पसाऱ्याचा कारभार पाच सुपरवायझर पाहतात. दर चार वर्षांनी प्रत्येक जण आपापल्या विभागातून निवडून येतो, म्हणजे एकेकाच्या मागे जवळजवळ नऊ लाख माणसे. अंदाजपत्रक, मालमत्ता कर, शहरहद्दीबाहेरचे रस्ते, सार्वजनिक आरोग्य, तुरुंगाचा खर्च ही कामे त्यांची. मतदान केंद्रे उभारणे आणि मते मोजणे हेसुद्धा त्यांच्याच खात्यात येते. अध्यक्षपद दरवर्षी फिरते.

हे पाच जण पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात, आणि पुढची सगळी कथा त्या तिकिटाची आहे. अमेरिकेत सगळीकडे तसे नाही. शेजारच्या कॅलिफोर्नियात काउंटीच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष छापतच नाहीत. खुद्द फीनिक्स शहराचा महापौरही पक्षाच्या नावाविना निवडला जातो. पण ॲरिझोनात काउंटीचा सुपरवायझर, शेरीफ, सरकारी वकील, खजिनदार, इतकेच काय, मतदारनोंदणी सांभाळणारा ‘रेकॉर्डर’सुद्धा रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट असतो. आणि तिथले तिकीट पुढाऱ्याच्या बंगल्यावर ताटकळून, एबी फॉर्म हातात पडून मिळत नाही. ते प्रायमरीत मिळते. त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदार, आणि कुठल्याच पक्षात नाव नसलेले पण त्या वेळी त्या पक्षाची मतपत्रिका मागणारे, असे सगळे मिळून उमेदवार ठरवतात. प्रायमरी येते ऐन उन्हाळ्यात, फीनिक्समध्ये बाहेर पाऊल टाकवत नाही त्या दिवसांत. मतदानाला येतात ते मुख्यतः कट्टर कार्यकर्ते. आणि ज्या विभागात एकाच पक्षाचे पारडे जड, तिथला खरा निकाल तेव्हाच लागून गेलेला असतो.

एका पक्षाचे बहुमत असले म्हणजे घरात शांतता असते, असे मात्र मॅरिकोपात कधी दिसले नाही. १९९४ मध्ये बेसबॉलचे स्टेडियम बांधण्यासाठी बोर्डाने विक्रीकर पाव टक्क्याने वाढवला. त्याचा राग धरून एका माणसाने १९९७ साली बोर्डाच्या बैठकीतून बाहेर पडणाऱ्या मेरी रोझ विलकॉक्स या डेमोक्रॅट सुपरवायझरवर गोळी झाडली. त्या बचावल्या. दहा-बारा वर्षांनी त्यांच्यावर दुसरे संकट आले, आणि ते थेट सरकारी कचेरीतून. शेरीफ जो अर्पायो आणि काउंटीचे सरकारी वकील अँड्र्यू थॉमस हे दोघेही रिपब्लिकन. बोर्डातही बहुमत रिपब्लिकनांचेच. पण अंदाजपत्रकातली काटछाट आणि न्यायालयाच्या नव्या इमारतीचा खर्च यावरून या दोघांचे बोर्डाशी असे काही फाटले की डिसेंबर २००८ मध्ये डॉन स्टेपली या त्यांच्याच पक्षाच्या सुपरवायझरवर शंभराहून जास्त कलमांचा खटला भरला गेला. त्यातली बरीच कलमे मालमत्तेचे विवरण नीट न भरल्याची होती. पुढच्या वर्षी काउंटीच्याच वाहनतळावर स्टेपलींना पकडण्यात आले. मग विलकॉक्स यांची पाळी आली, मग एका न्यायाधीशाची. खटले एकामागून एक कोसळले, २०१२ मध्ये थॉमस यांची सनद गेली, आणि ज्यांच्यावर खटले भरले त्यांना काउंटीच्या तिजोरीतून लाखो डॉलरची भरपाई द्यावी लागली. सगळे भांडण घरातले आणि बिल करदात्याच्या नावे. हा प्रघात तिथे जुनाच.

निवडणुकीचे काम काउंटीत दोघांत वाटलेले असते. मतदारनोंदणी आणि टपालाने येणारी मते रेकॉर्डरकडे, तर मतदानाचा दिवस आणि मोजणी बोर्डाकडे. मार्च २०१६ च्या अध्यक्षीय प्रायमरीत अख्ख्या काउंटीसाठी केवळ ६० मतदान केंद्रे ठेवली गेली आणि लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. त्या रांगांनी १९८९ पासून रेकॉर्डरपदावर असलेल्या रिपब्लिकन हेलन पर्सेल यांचा नोव्हेंबरमध्ये बळी घेतला. एड्रियन फॉन्टेस हे डेमोक्रॅट त्यांच्या जागी आले. पुढे बोर्डाने मोजणीच्या कामात पुन्हा जातीने लक्ष घातले. ३ नोव्हेंबर २०२० हा अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस उजाडला तेव्हा बोर्डात चार रिपब्लिकन होते: हिकमन, जॅक सेलर्स, स्टीव्ह चुक्री आणि बिल गेट्स. हे गेट्स मायक्रोसॉफ्टचे नव्हेत. हे वकील, आणि पूर्वी निवडणुकीच्या प्रकरणांत रिपब्लिकन पक्षाचीच बाजू लढवलेले. पाचवे स्टीव्ह गॅलार्डो, एकटे डेमोक्रॅट.

त्या निवडणुकीत काउंटीत सुमारे २१ लाख मतपत्रिका आल्या. दुसऱ्याच दिवशी पहिली वावडी उठली, ती पेनाची. मतदान केंद्रांवर जाड टोकाची ‘शार्पी’ मार्कर पेने ठेवली होती, आणि शाई कागदाच्या मागच्या बाजूला उमटते म्हणून रिपब्लिकनांची मते बाद होणार, असा बोभाटा झाला. शार्पी ठेवण्याचे कारण साधे होते. तिची शाई चटकन वाळते, केंद्रावरच्या मोजणी यंत्राच्या काचेला चिकटत नाही. शिवाय मतपत्रिकेच्या दोन बाजूंचे रकाने मुद्दाम एकमेकांच्या पाठीवर येणार नाहीत असे छापलेले असतात, त्यामुळे शाई आरपार गेली तरी ती कोऱ्या जागेत उमटते. हे समजावून सांगायला दोन मिनिटे लागतात. पण फीनिक्समधल्या मोजणी केंद्राबाहेर जमलेल्या, काही खांद्याला बंदुका लावलेल्या गर्दीत ती दोन मिनिटे कोण देणार?

आत काय चालले होते? ॲरिझोनाच्या कायद्यात पक्षाचे लेबल केवळ उमेदवाराच्या नावापुढे लावून सोडलेले नाही, मोजणीच्या कामातही ते गुंफलेले आहे. यंत्राला न वाचता आलेल्या मतावर निर्णय द्यायचा तर वेगवेगळ्या पक्षांची माणसे एकत्र बसतात. यंत्राची मोजणी झाल्यावर पक्षांनीच नेमलेली माणसे काही केंद्रांची मते हाताने मोजतात आणि आकडे ताडून पाहतात. २०२० मध्ये मॅरिकोपात ही हातमोजणी झाली आणि एका मताचाही फरक निघाला नाही. एका पक्षाच्या माणसावर दुसऱ्याचा विश्वास नाही, हे गृहीत धरूनच ही यंत्रणा उभी केलेली आहे. ती चोख चालली, पण बाहेरच्या गर्दीला त्याचे सोयरसुतक नव्हते.

बायडेन यांनी मॅरिकोपा सुमारे ४५ हजार मतांनी जिंकले. १९४८ मध्ये ट्रूमन जिंकल्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवाराला हे प्रथमच जमले होते. सबंध राज्यात त्यांची आघाडी अवघी १०,४५७ मतांची. त्याच मतपत्रिकांवर आणखी काही निकाल होते. जॅक सेलर्स चारशेच्या आसपास मतांनी कसेबसे वाचले. आणि टपाली मतदान ज्यांच्या हातात होते, म्हणजे ज्यांनी घोटाळा केल्याचा संशय घ्यायचाच तर पहिला ज्यांचा घ्यावा, ते डेमोक्रॅट रेकॉर्डर फॉन्टेस स्वतः पाच हजारांहून कमी मतांनी पडले. त्यांची खुर्ची रिपब्लिकन स्टीफन रिचर यांनी पटकावली. असा कसा हा घोटाळेबाज, ज्याने राष्ट्राध्यक्ष निवडून आणला आणि स्वतःची जागा घालवली? एकाच कागदावरचा वरचा निकाल खोटा आणि खालचा खरा, असे म्हणणाऱ्यांकडे याचे उत्तर कधीच नव्हते.

२० नोव्हेंबरला बोर्डाने पाच विरुद्ध शून्य मतांनी निकालावर शिक्कामोर्तब केले. त्याच्या आधीपासूनच राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्ष केली वॉर्ड यांचे सुपरवायझरांना मोजणी थांबवण्यासाठी संदेश चालू होते. नाताळच्या आदल्या दिवशी ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांनी गेट्स यांच्या फोनवर निरोप ठेवला. गेट्स यांनीही उलट फोन केला नाही.

मग राज्याची सिनेट मैदानात उतरली. तिथे १६ रिपब्लिकन, १४ डेमोक्रॅट. सिनेटच्या अध्यक्ष कॅरन फॅन यांनी समन्स काढले: सगळ्या मतपत्रिका आणि मोजणीची यंत्रे आमच्या हवाली करा. मतपत्रिका कायद्याने सीलबंद असताना त्या देता येतात का, यावर बोर्ड न्यायालयात गेले. सिनेटने उत्तरादाखल बोर्डावर अवमानाचा ठराव आणला. तो संमत झाला असता तर स्वतःच्या पक्षाच्या आमदारांच्या हुकमाने सुपरवायझरांना अटक होऊ शकली असती. ८ फेब्रुवारी २०२१ ला मतदान झाले आणि पॉल बॉयर या एकाच रिपब्लिकन सिनेटरने विरोधात हात वर केला. १५ विरुद्ध १५, ठराव पडला. महिनाअखेरीस न्यायालयाने मात्र समन्स वैध ठरवले. दरम्यान बोर्डाने आपल्या पातळीवर दोन मान्यताप्राप्त तपासणी संस्थांकडून यंत्रे तपासून घेतली होती. त्यांत काही निघाले नव्हते.

सिनेटने फेरतपासणीसाठी निवडलेल्या फ्लोरिडातल्या कंपनीचे नाव होते सायबर निन्जाज. निवडणुकीची मते तपासण्याचा या कंपनीला अनुभव नव्हता. तिच्या प्रमुखाने घोटाळ्याच्या कहाण्या समाजमाध्यमांवर पसरवल्याचे मात्र उघड होते. २३ एप्रिलला फीनिक्सच्या जत्रा मैदानावरच्या जुन्या कोलिझियममध्ये मोजणी सुरू झाली. गरगर फिरणाऱ्या गोल चौरंगावर मतपत्रिका ठेवायची, भोवती बसलेल्या मोजणीदारांनी ती समोरून जाताना पाहायची आणि आपल्या तक्त्यावर खूण करायची. पहिल्याच दिवशी तिथे हजर असलेल्या एका महिला पत्रकाराच्या लक्षात आले की मोजणीदारांच्या हातात निळी पेने आहेत. मतपत्रिका वाचणारे यंत्र निळी आणि काळी शाई वाचते. मतपत्रिकेजवळ अशी पेने नेणे म्हणजे मत बदलायला वाव देणे. ती पेने काढून घेऊन हिरवी देण्यात आली. अतिनील दिव्याखाली कागद धरले जात होते. मतपत्रिका आशियातून आल्या असतील तर कागदात बांबूचे धागे सापडतील, या कल्पनेने त्यांचाही शोध चालला होता. मे महिन्यात शाळांच्या पदवीदान समारंभांसाठी कोलिझियम आधीच दिलेले होते, म्हणून मोजणी आठवडाभर बंद करून मतपत्रिकांची खोकी दुसऱ्या इमारतीत हलवावी लागली. आणि मोजायची होती फक्त दोन पदांची मते, राष्ट्राध्यक्ष आणि अमेरिकी सिनेटर. सुपरवायझरांच्या त्याच कागदावरच्या मतांकडे कोणी पाहिले नाही.

सिनेटने या कामासाठी दीड लाख डॉलर दिले. त्यात हे भागणे शक्यच नव्हते. सुमारे ५७ लाख डॉलर ट्रम्प समर्थकांच्या संस्थांकडून आल्याचे जुलैत उघड झाले.

बोर्डाचा संयम सुटला तो मे महिन्यात. काउंटीने यंत्रातली माहिती पुसून टाकल्याचा आरोप तपासनीसांनी केला आणि ट्रम्प यांनी तो उचलून धरला. काहीच पुसलेले नव्हते. शोधणाऱ्यांना ती फाइल वाचता आली नव्हती. नवे रेकॉर्डर रिचर यांनी जाहीर लिहिले की मतदारयादी या क्षणी माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर उघडी आहे, तेव्हा हे बोलणे भ्रमिष्टपणाचे आहे. स्वतःच्या पक्षाच्या माजी राष्ट्राध्यक्षाला असे सुनावणे रिपब्लिकन पुढाऱ्यांत तेव्हा दुर्मीळच. १७ मेच्या बैठकीत बोर्डाने फॅन यांना १४ पानी पत्र धाडले. खाली पाचही सह्या होत्या. त्या वर्षी अध्यक्ष असलेले, एरवी मवाळ बोलणारे सेलर्स त्या दिवशी मवाळ राहिले नाहीत.

हिकमन यांच्या वाट्याला आलेली अफवा सगळ्यांवर कडी करणारी होती. मार्च २०२१ मध्ये त्यांच्या एका कोंबडीशाळेला आग लागून लाखाहून जास्त कोंबड्या मेल्या. झाले, कहाणी तयार: फाडलेल्या मतपत्रिका कोंबड्यांना खाऊ घातल्या आणि मग पुरावा नष्ट करायला कोंबड्याच जाळल्या! हसण्यावारी न्यावे तर तसेही करता येईना, कारण धमक्या खऱ्या होत्या. हिकमन यांच्या फोनवर फाशी देण्याची धमकी ठेवणाऱ्या आयोवा राज्यातल्या एका माणसाला पुढे अडीच वर्षांची कैद झाली.

२४ सप्टेंबर २०२१ ला सायबर निन्जाजचा अहवाल आला. त्यांच्या हातमोजणीत बायडेन यांची ९९ मते वाढली आणि ट्रम्प यांची २६१ कमी झाली. त्याच आठवड्यात बोर्डात फूट पडली. चुक्री यांचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण बाहेर आले. फेरतपासणीची मागणी करणाऱ्या मंडळींशी खासगीत बोलताना त्यांनी सहकाऱ्यांना भित्रे ठरवले होते: हे निसटत्या मतांनी निवडून आले आहेत, म्हणून पुन्हा मोजायला घाबरतात. जाहीर पत्रावर सही एक आणि खासगीत सूर दुसरा. चुक्री यांनी राजीनामा दिला. कायद्यानुसार रिकाम्या जागी त्याच पक्षाचा माणूस नेमावा लागतो. बोर्डाने थॉमस गॅल्विन या वकिलाला नेमले. सायबर निन्जाजने जानेवारी २०२२ मध्ये गाशा गुंडाळला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये काउंटीने विरोधकांच्या हाती स्वतःहून कोलीत दिले. २२३ पैकी सुमारे ७० केंद्रांवर जागच्या जागी मतपत्रिका छापणाऱ्या प्रिंटरांची छपाई फिकट येऊ लागली आणि मोजणी यंत्रे कागद परत फेकू लागली. राज्याच्या माजी सरन्यायाधीश रूथ मॅकग्रेगर यांच्या चौकशीत नंतर कारण निघाले: त्या वर्षी मतपत्रिका २० इंच लांब होती, कागद जाड होता, आणि काही प्रिंटरांना तो भार पेलवला नाही. मते वाया गेली नाहीत, ती पेटीत टाकून नंतर मुख्य केंद्रावर मोजली गेली. पण गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन उमेदवार कॅरी लेक १७ हजारांवर मतांनी हरल्या आणि दोष मॅरिकोपाच्या माथी आला. त्या वर्षी अध्यक्ष होते गेट्स. धमक्यांमुळे त्यांना काही काळ अज्ञात जागी हलवावे लागले. २८ नोव्हेंबरला शिव्याशाप ऐकत बोर्डाने पुन्हा एकमताने निकाल कायम केला.

त्याच दिवशी मेक्सिकोच्या सीमेवरच्या कोचीस काउंटीत उलटे घडले. तिथल्या तीन सुपरवायझरांपैकी दोन रिपब्लिकन, टॉम क्रॉस्बी आणि पेगी जड. त्यांनी मुदत संपत असताना निकालावर शिक्का मारायला नकार दिला. कोचीसची सुमारे ४७ हजार मते मोजणीतून गळाली असती तर काँग्रेसची एक जागा रिपब्लिकनांनीच गमावली असती. ही गोष्ट पक्षाच्या नावाने अडून बसलेल्यांच्या ध्यानात आली नाही, की येऊनही त्यांनी दुर्लक्ष केले, देव जाणे. न्यायालयाने १ डिसेंबरला आदेश दिला. एकट्या डेमोक्रॅट ॲन इंग्लिश यांच्यासोबत जड यांनी मत दिले आणि काम पुरे झाले. क्रॉस्बी बैठकीला फिरकले नाहीत. वर्षभराने दोघांवर आरोपपत्र आले, आणि २०२४ मध्ये जड यांनी कर्तव्यात कसूर केल्याचा किरकोळ गुन्हा कबूल केला.

मॅरिकोपाच्या रिपब्लिकनांनी आपला हिशेब न्यायालयात नव्हे, प्रायमरीत मांडला. गेट्स यांनी २०२३ मध्ये, या सगळ्याचा आपल्या मनावर झालेला आघात आणि त्यावरचे उपचार याबद्दल उघडपणे सांगितले आणि पुढची निवडणूक लढवायची नाही असे ठरवले. हिकमनही थांबले. सेलर्स आणि रिचर उभे राहिले. ३० जुलै २०२४ च्या प्रायमरीत सेलर्स यांना चँडलरचे नगरसेवक मार्क स्टुअर्ट यांनी पाडले आणि रिचर यांना आमदार जस्टिन हीप यांनी. चार वर्षांपूर्वी सेलर्स सर्व मतदारांसमोर चारशे मतांनी तगले होते. आपल्याच पक्षाच्या मतदारांसमोर तगले नाहीत. गॅल्विन मात्र टिकले. हिकमन यांच्या जागेवर काँग्रेसच्या सदस्य डेबी लेस्को आल्या, गेट्स यांच्या जागेवर केट ब्रॉफी मॅकगी. नोव्हेंबरनंतर बोर्डाचे गणित होते तेच राहिले, चार रिपब्लिकन आणि एक गॅलार्डो.

जाता जाता, ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या बोर्डाने रिचर यांच्याशी निवडणुकीच्या कामांच्या वाटणीचा नवा करार केला होता. जानेवारीत खुर्चीवर बसलेल्या हीप यांना तो मान्य झाला नाही. आपले अधिकार, माणसे आणि पैसा बोर्डाने काढून घेतला, अशी त्यांची तक्रार होती. गॅल्विन अध्यक्ष असलेल्या नव्या बोर्डाशी त्यांची महिनोन्‌महिने बोलणी झाली, फिसकटली, आणि जून २०२५ मध्ये हीप यांनी बोर्डाविरुद्ध दावा लावला. वादी रिपब्लिकन, आणि प्रतिवादी पाचांतले चार रिपब्लिकन.